आधीं काय, मग काय?

परवां सायंकाळीं देवापाशीं दिवा लागला, मुलांचा परवचा आटोपला, आणि आमचा नऊ वर्षांचा नातू शकुंतलेच्या गोष्टीचें पुस्तक घेऊन आमच्यापुढें येऊन बसला. आमच्या घरची रीत अशी आहे कीं, मुलानें गोष्ट मोठ्यानें वाचावी, आणि वाचून झाल्यावर पुस्तक मिटून ती आपल्या शब्दांत सांगावी. वाचली त्यानें अस्खलित. दुष्यंत, दुर्वास, शचीतीर्थ, एकहि शब्द त्याला अडला नाहीं. सांगावयास लागला तेव्हां मात्र तो म्हणाला, "राजानें शकुंतलेला ओळखलें नाहीं. म्हणून तिला राग आला आणि तिनें अंगठी पाण्यांत टाकून दिली. मग ती माशानें गिळली."

घरांतील मंडळी हंसली. सूनबाई म्हणाली, "अरे, टाकली नाहीं, पडली! आणि ती आधींच पडली होती." नातू गोंधळला. पुस्तकावर बोट ठेवून म्हणाला, "पण आजोबा, अंगठीचें इथें नंतर लिहिलें आहे."

आम्हांस हंसूं आलें नाहीं. कारण मुलाचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. पुस्तकांत आधीं राजसभा येते. शकुंतला खूण दाखविण्यासाठीं बोटाकडे पाहते तों अंगठी नाहीं. मग गौतमी म्हणते कीं, वाटेंत शचीतीर्थाच्या जलाला वंदन करतांना ती गळून पडली असावी. आणि त्यानंतर कोळी व मासा येतात. अंगठी पडली राजसभेच्या आधीं. वाचकाला तें कळलें मात्र राजसभेंत. मुलानें कळण्याचा क्रम हाच घडण्याचा क्रम मानला, आणि दोहोंमध्यें जी फट राहिली ती 'म्हणून' हा शब्द घालून आपल्या पदरचीच बुजविली. परिणाम काय झाला तो पहा. जी बिचारी निरपराध, ती रागीट व अविचारी ठरली. क्रमाची चूक ही नुसती क्रमाची चूक राहात नाहीं. ती एकाचा दोष दुसऱ्याच्या माथीं मारते. म्हणून या महिन्यांत आम्ही वाचकांशीं याच विषयावर चार शब्द बोलणार आहों.

प्रत्येक गोष्टीला दोन क्रम असतात. एक घटना ज्या अनुक्रमानें घडल्या तो. त्याला आपण घटनाक्रम म्हणूं. दुसरा, सांगणाऱ्यानें त्या ज्या अनुक्रमानें सांगितल्या तो. त्याला कथनक्रम म्हणूं. काऊचिऊच्या गोष्टींत हे दोन्ही क्रम हातांत हात घालून चालतात, म्हणून तेथें मूल चुकत नाहीं. पण मूल आठ-दहा वर्षांचें झालें कीं, त्याच्या हातीं येणाऱ्या पुस्तकांत ते एकमेकांपासून फुटूं लागतात. वडील मंडळींस वाटतें, मुलाला वाचतां येतें, आतां शिकवावयाचें काय उरलें? खरें शिकविणें तेथूनच सुरू होतें.

हे दोन क्रम फुटणें म्हणजे लेखकाची लहर नव्हे. आपलें महाभारतच पहा. ग्रंथ उघडला कीं आरंभीं भेटतो तो सौति. नैमिषारण्यांत शौनकादि ऋषींना तो कथा सांगतो आहे. ती त्यानें ऐकली जनमेजयाच्या सर्पसत्रांत, वैशंपायनाच्या मुखानें. जनमेजय हा परीक्षिताचा पुत्र, अभिमन्यूचा नातू आणि अर्जुनाचा पणतू. म्हणजे पणतू आधीं भेटतो आणि पणजोबा मागाहून जन्मास येतो! ज्यानें लहानपणीं हे दोन क्रम वेगळे करावयाची संवय केली नाहीं, त्याला आदिपर्वांतच वाट चुकल्यासारखें होतें, आणि तो ग्रंथ बाजूला ठेवतो. दोष ग्रंथाचा नसतो, त्याच्या बुद्धीचाहि नसतो, संवयीचा असतो.

आतां ही संवय लावावयाची कशी? पहिलें साधन आपल्या भाषेंतच आहे. पाणिनीनें अष्टाध्यायीच्या तिसऱ्या अध्यायांत सांगून ठेवलें आहे कीं, दोन क्रियांचा कर्ता एकच असेल तर त्यांपैकीं जी आधीं घडली तिच्या धातूला 'क्त्वा' प्रत्यय लागतो. धातूला उपसर्ग जोडलेला असेल तर त्याच्या जागीं 'ल्यप्' येतो. संस्कृतांतील 'गत्वा' व 'आगत्य' हीं त्याचींच रूपें. मराठींत तेंच काम 'ऊन' करतो: जाऊन, येऊन, खाऊन. ज्या क्रियेला 'ऊन' लागला ती आधींची. "आईनें मिरची वाळवून, देठ खुडून, डब्यांत भरली," या वाक्यांत क्रम आपोआप उलगडतो. आधीं वाळवणें, मग खुडणें, मग भरणें. भिवापूरच्या पोराला हें कोणी सांगावें लागत नाहीं. आमच्या गांवच्या मिरचीला आतां भौगोलिक मानांकनहि मिळालें आहे. तिच्या वाळवणाचा लाल रंग पाहातच येथलीं मुलें लहानाचीं मोठीं होतात.

परंतु सर्वच वाक्यें इतकीं सरळ नसतात. आम्ही वर्गांत हें एक वाक्य फळ्यावर लिहीत असूं: "पाऊस येण्यापूर्वीं आईनें अंगणांतली मिरची आंत घेतली." आणि विचारीत असूं, आधीं काय झालें? निम्मी मुलें म्हणत, "पाऊस आला." कारण वाक्यांत पाऊस पहिला आहे. मग आम्ही विचारीत असूं, "तर मिरची भिजली का?" मुलें क्षणभर थबकत, आणि मग एकदम ओरडत, "नाहीं गुरुजी, कोरडी राहिली!" त्या एका क्षणांत मूल शब्दांवरून उठून अर्थावर जाऊन बसतें. 'पूर्वीं' हा शब्द त्याला पुन्हां शिकवावा लागत नाहीं.

याहून बारीक जोडी ही पहा. "आई बाहेर आली तेव्हां पाऊस सुरू झाला." आणि "आई बाहेर आली तेव्हां पाऊस सुरू झाला होता." दोन वाक्यांत एका 'होता'चेंच अंतर. पहिल्या वाक्यांतील आईला मिरची वाचविण्यास थोडी तरी उसंत आहे. दुसऱ्या वाक्यांतील मिरची भिजावयास लागली आहे. पूर्ण भूतकाळ हें नांव मुलाला व्याकरणाच्या पुस्तकांतून पाठ येतें. त्याचें काम मात्र त्याला असें अंगणांतच समजतें. 'नंतर', 'आधीं', 'तोंवर', 'तत्पूर्वीं', 'इतक्यांत', 'एव्हांना', 'पर्यंत' हे शब्द लहान खिळ्यांसारखे आहेत. डोळ्यांत भरत नाहींत, परंतु सारी चौकट त्यांच्यावरच उभी असते. मुलानें वाचतांना त्यांच्याखालीं शिसपेन्सिलीनें रेघ ओढावी. पुस्तक थोडें खराब झालें तरी चालेल.

दुसरें साधन इतिहास. शिवचरित्र वाचणाऱ्या मुलांना तारखा पाठ असतात, आणि तरीहि एका मुलानें आम्हांस विचारलें होतें, "सिंहगड आपलाच होता, तर तानाजीला तो जिंकावा कां लागला?" प्रश्न फार चांगला होता. त्याचें उत्तर १६७० सालच्या प्रकरणांत नाहींच. तें १६६५ च्या प्रकरणांत आहे. त्या सालीं पुरंदरचा तह झाला आणि महाराजांनीं तेवीस किल्ले मोगलांच्या स्वाधीन केले. त्यांत हा कोंढाणाहि होता. १६६६ त आग्र्याचा प्रसंग आणि तेथून सुटका. पुढें १६७० मध्यें गेलेले किल्ले परत घेण्याचा उद्योग, आणि त्यांतच तानाजीचें बलिदान. १६७४ त राज्याभिषेक. हे मणी एका सुतांत ओवले गेले म्हणजे प्रत्येक 'कां?'चें उत्तर मागच्या मण्याशीं सांपडतें. सूत तुटलें कीं तेच मणी घरभर घरंगळतात, आणि उरतात त्या नुसत्या पाठ केलेल्या तारखा.

येथें एक सावधगिरीचा शब्द सांगणें अवश्य आहे. आधीं घडलें तें सर्वच कारण नव्हे. आपल्या पूर्वजांनीं यासाठीं काकतालीय न्याय सांगून ठेवला आहे. कावळा ताडावर बसला आणि त्याच क्षणीं फळ पडलें. म्हणून कावळ्यानें फळ पाडलें असें होत नाहीं. मुलाला क्रम लावतां येऊं लागला कीं त्याला लगेच दुसरा प्रश्न विचारावा: "हें त्याच्या नंतर झालें कीं त्याच्यामुळें झालें?" नंतर आणि मुळें यांतील भेद ज्याला दहाव्या वर्षीं कळला, तो विसाव्या वर्षीं कोणाच्या सांगोवांगीनें फसणार नाहीं.

क्रम लावणें हें केवळ पोरांच्या अभ्यासाचें काम आहे असेंहि कोणी समजूं नये. मराठी गद्याचा जो आद्य ग्रंथ म्हणून आपण मान देतों, तें लीळाचरित्र याच श्रमांतून उभें राहिलें आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस चक्रधरस्वामींच्या पश्चात् म्हाइंभटानें त्यांच्या आठवणी गोळा केल्या. ज्याला जी लीळा ठाऊक, त्याच्याकडे जावें, ती ऐकावी, पारखावी आणि लिहून ठेवावी, असें तें काम होतें. आठवण कांहीं अनुक्रमानें येत नाहीं; एकाला शेवटचा प्रसंग आधीं आठवतो, दुसऱ्याला मधलाच. अशा शेंकडो सुट्या लीळा एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध अशा तीन भागांत बसविणें ही केवढी तपश्चर्या! हें घडलें आपल्याच विदर्भांत, अमरावतीकडील रिद्धपुरास. पुढें त्या ग्रंथाच्या पोथ्या तपासून तो छापून वाचकांच्या हातीं देण्याचें काम नागपुरांतच हरि नारायण नेने यांनीं केलें. आणि विष्णु भिकाजी कोलते यांची संशोधित प्रत १९७८ सालीं प्रसिद्ध झाली. त्याच रिद्धपुरांत अलीकडे मराठी भाषा विद्यापीठ स्थापन झालें आहे. नातवंडांना घेऊन त्या बाजूस जाण्याचा योग आला, तर त्यांना इतकें अवश्य सांगावें कीं, येथें एका माणसानें बसून लोकांचें सांगणें नीट लावून ठेवलें.

हें लिहितांना आमच्या एका अपराधाची आठवण होते, आणि ती सांगितल्यावांचून हा लेख पुरा करणें आम्हांस प्रामाणिकपणाचें वाटत नाहीं.

गोष्ट १९८८ सालची. आम्ही तेव्हां या तालुक्यांतील एका शाळेवर होतों. तरुण होतों, आणि शिस्तीचा अभिमान मोठा होता. सहामाही परीक्षेच्या दिवशीं एक मुलगा दोन तास उशिरां आला. अंगावर चिखल, पायांत वहाण नाहीं. आम्हीं कारण विचारलें. तो धापा टाकीत म्हणाला, "गुरुजी, बैल विहिरींत पडला. बाबा घरीं नव्हते. बाबांनं दोर बांधून काढला." आम्हीं त्याला तेथेंच अडविलें. "बाप घरीं नव्हता, तर दोर कोणीं बांधला?" मुलगा गडबडला. म्हणाला, "बाबा नागपूरले गेले होते." आम्ही म्हणालों, "म्हणजे दोर नागपुराहून बांधला कां?" सारा वर्ग हंसला. मुलानें मान खालीं घातली. खोटें बोलल्याबद्दल त्याला दोन छड्या बसल्या, आणि त्या दिवशींचा पेपर त्याला लिहूं दिला नाहीं.

सायंकाळीं त्याचा शेजारी बाजारांत भेटला, आणि सहज बोलण्यांत सारी हकीकत कळली. बाप आदल्या दिवशीं नागपूरला गेला होता. पहाटे बैल विहिरींत पडला, तेव्हां घरीं आई आणि हा मुलगा दोघेंच. मुलगा विहिरीच्या कांठीं बसून बैलाला हांका मारीत राहिला, कीं त्यानें धीर सोडूं नये. सकाळीं बाप परतला, शेजारी जमले, दोर बांधून बैल वर काढला, आणि मुलगा तसाच शाळेकडे धांवला. त्याच्या तीन वाक्यांत एकहि असत्य नव्हतें. बैल पडला हें खरें. बाप घरीं नव्हता हें खरें. बापानें बैल काढला हेंहि खरें. मध्यें फक्त 'मग बाबा आले' एवढे तीन शब्द राहिले होते. भ्यालेलें मूल घटना घडल्या तशा सांगत नाहीं. जी सर्वांत मोठी ती आधीं सांगतें. तो आम्हांस कथनक्रम देत होता, आणि आम्ही त्याच्याकडे घटनाक्रम मागत होतों. आणि हा भेद जाणण्याचें काम गुरुजींचें होतें, मुलाचें नव्हे.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं त्याला वर्गासमोर बोलावून आपली चूक कबूल केली, आणि राहिलेला पेपर लिहावयास बसविलें. त्यानें तो लिहिला. परंतु त्या दिवसापासून तो मुलगा विचारल्याखेरीज बोलला नाहीं, आणि विचारलें तर एका शब्दांत उत्तर देई. वर्ष संपलें, तो पुढच्या शाळेंत गेला. बोलण्यावरचा त्याचा विश्वास आम्हीं मोडला होता, आणि तो परत जोडून देण्याची संधि आम्हांस मिळाली नाहीं. त्या वर्षापासून आम्हीं एक नियम केला. मूल सांगत असतांना मध्यें बोलावयाचें नाहीं. आधीं पुरतें सांगूं द्यावें, मग एकच प्रश्न विचारावा: "आणि त्याच्या आधीं काय झालें?" हा प्रश्न मुलाला आरोपी करीत नाहीं, त्याला साक्षीदार करतो. एकत्र कुटुंबांत तर तो रोज उपयोगीं पडतो. दोन भावंडांचें भांडण झालें, एक रडत आलें, कीं आपण रडणाऱ्याचा पक्ष घेतों. कारण त्याचें रडणें आधीं ऐकूं येतें. आधीं ऐकूं आलें म्हणून तें आधीं घडलें असें नव्हे.

आतां घरोघरीं करतां येईल असा अभ्यास थोडक्यांत सांगतों. वेदपठणाच्या परंपरेंत संहितापाठ व पदपाठ यांच्या पुढें क्रमपाठ आहे. त्यांत पहिलें पद दुसऱ्याशीं, दुसरें तिसऱ्याशीं, तिसरें चौथ्याशीं असें जोडून म्हणतात; त्यामुळें एकहि पद जागचें हालत नाहीं. हीच युक्ति गोष्टीला लावावी. गोष्टींतील सहा-सात घटना कागदाच्या निरनिराळ्या चिठ्ठ्यांवर मुलाच्याच हातानें लिहवाव्या. पुस्तकांत आल्या त्या क्रमानें त्या आधीं एका ओळींत मांडाव्या. मग त्यांच्या खालीं, घडल्या त्या क्रमानें दुसरी ओळ मांडावयास सांगावें. ज्या चिठ्ठीची जागा बदलली तिच्याकडे बोट दाखवून विचारावें, "ही येथें आली हें तुला कोणत्या शब्दावरून कळलें?" शेवटीं क्रमपाठाप्रमाणें दोन दोन घटना जोडून म्हणावयास लावावें: पहिली आणि दुसरी, दुसरी आणि तिसरी. प्रत्येक जोडीमध्यें 'नंतर' कीं 'मुळें' हें मुलानें ठरवावें. आठवड्यांतून एक गोष्ट पुरे. अधिक केल्यास तो खेळ राहात नाहीं.

ज्या घरीं पुस्तकें थोडीं आहेत तेथें आजीबाई आहेतच. आजीची गोष्ट बहुधा मधूनच सुरू होते, मागें जाते, पुढें येते, आणि एखाद्या सोयऱ्याच्या लग्नांत दोन घटका थांबते. मुलांनीं ती ऐकावी आणि नंतर तिच्या चिठ्ठ्या लावाव्या. याहून चांगला पाठ आमच्या पाहण्यांत नाहीं. शिवाय त्यांतून घराण्याचा इतिहासहि लिहून होतो. आजी गेल्यावर तो लावून देणारें कोणी उरत नाहीं.

आमच्या नातवानें शकुंतलेच्या चिठ्ठ्या दुसऱ्या दिवशीं मांडल्या. शाप, निरोप, शचीतीर्थ, राजसभा, कोळी, स्मृति. अंगठीची चिठ्ठी त्यानें उचलून राजसभेच्या आधीं ठेवली, आणि बराच वेळ त्या ओळीकडे पाहात बसला. मग म्हणाला, "आजोबा, म्हणजे तिनें कांहींच केलें नव्हतें. राजालाच आधींचें ठाऊक नव्हतें."

आम्ही म्हणालों, "होय. त्याला आधींचें ठाऊक नव्हतें, आणि त्यानें निवाडा मात्र केला."

राजाला निदान शापाची सबब होती. आम्हांस ती नव्हती. असो. वाचकांनीं या महिन्यांत आपल्या घरीं एक गोष्ट तरी अशी लावून पाहावी, आणि मूल कांहीं सांगावयास आलें तर त्याचें सांगणें संपेपर्यंत हातांतलें काम बाजूस ठेवावें, एवढीच विनंति.